आपल्या गल्लीतलं बदलतं ऊन कोणी टिपतंय का? (फोटो, टॉवर आणि सावल्या)

चाळकरीण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं.

मी लालबागला राहते, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पूर्वेला. गेली काही वर्षं मोबाईलवर याच गॅलरीतून एकाच फ्रेमचे फोटो काढतेय, म्हणजे समोरच्या चाळीची कौलं, त्यामागची गच्ची, त्याच्या मागे काळाचौकीच्या बाजूचं आकाश आणि आता त्या आकाशात उभे राहिलेले टॉवर. सुरुवातीला उगवतीचे रंग आवडायचे म्हणून काढायचे, दुसरं काही डोक्यात नव्हतं. पण मग एकदा सगळे फोटो महिन्याप्रमाणे लावून बघितले आणि लक्षात आलं की टॉवरने आमचं काय नेलं ते नुसतं गॅलरीत उभं राहून कळत नाही, कारण तो उन्हाळ्यात चढत होता आणि उन्हाळ्यात सूर्य त्याच्या डावीकडून, म्हणजे ईशान्येकडून उगवतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमचं ऊन जसंच्या तसं होतं. मार्गशीर्ष लागला आणि सूर्य सरकत सरकत बरोबर त्या टॉवरच्या मागे जाऊन बसला. पूर्वी थंडीत सव्वासात-साडेसातला गॅलरीत ऊन यायचं, लहान पोरांना तेल लावून त्यात बसवायचे, आजी लोक पाठ शेकायला यायचे. आता साडेनऊशिवाय ऊन नाही, तोवर सगळे कामाला नाहीतर शाळेत गेलेले असतात.

मला वाटतं इमारत उभी राहिली की तिचा फोटो सगळेच काढतात, उंची, मजले, लायटिंग वगैरे. पण तिच्यामुळे कुठलं ऊन कुठल्या महिन्यात गेलं ह्याची नोंद कोणीच ठेवत नाही. ती आपणच ठेवायला पाहिजे, कारण हे ऊन त्या जागेत राहणाऱ्यालाच माहीत असतं.

तुमच्याकडे काय बदललंय, कोणी असं काही करतंय का? आणि माहितगारांनी जरा सांगा की मोबाईलवर हे नीट कसं करायचं, माझ्या फोटोंचे रंग दरवेळी वेगळे येतात.

ट्रायपॉड

ताई, विषय माझ्या जवळचा आहे त्यामुळे लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे रंग. मोबाईल ऑटोवर असला की व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला रंग पांढरा धरायचा ते, स्वतःच ठरवतो. सकाळचं पिवळं ऊन त्याला "चूक" वाटतं आणि तो ते पांढरं करून टाकतो, ढगाळ निळसर उजेडही तो पांढरा करतो. म्हणजे जो फरक तुम्हाला टिपायचाय नेमका तोच तो पुसतो. प्रो मोड (सेटिंग हाताने बदलता येतात तो) असेल तर व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनच्या मधे कुठेतरी फिक्स करा आणि वर्षभर हात लावू नका. पहाटेचा फोटो मग जास्तच केशरी दिसेल, पावसाळ्यातला निळा दिसेल, दिसू दे, तोच तर उजेड आहे.

दुसरं एचडीआर बंद करा. एचडीआर सावलीतला काळोख उचलून उजळ करतो, आणि आपण तर सावलीच मोजायला बसलोय.

जागा कायम ठेवायला कठड्यावर ऑइलपेंटचा ठिपका किंवा एक खिळा, मोबाईल त्याला टेकवायचा. लेन्स कायम १एक्स, वाईड अजिबात नको, वाईडमध्ये कडेच्या इमारती कलतात आणि पुढच्या वर्षीच्या फोटोवर बसवायला गेलं की बसत नाहीत. फ्रेमच्या दोन कोपऱ्यांत कायम राहणारी एकेक खूण धरा, म्हणजे पाण्याची टाकी, देवळाचा कळस, काहीही, पण टॉवरची क्रेन नको कारण ती हलते.

आणि एक अगदी महत्त्वाचं. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आत असलेली तारीख-वेळेची माहितीही जाते. फाइलच्या नावातच वर्ष-महिना-दिवस-वेळ अशा क्रमाने आकडे टाका, आपोआप ओळीने लागतात.

वास्तुवेडा

चाळकरीण ताईंचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, मी आर्किटेक्ट आहे, थोडं गणित देतो म्हणजे फोटो वाचायला मदत होईल.

मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला. इथे सूर्य बरोबर पूर्वेला फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या आसपास उगवतो. जूनमध्ये तो पूर्वेच्या डावीकडे म्हणजे उत्तरेकडे सुमारे २५ अंश असतो, डिसेंबरात उजवीकडे तेवढाच. म्हणजे वर्षभरात क्षितिजावर ५० अंशांची फेरी. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश भरते, म्हणजे पाच मुठी. गॅलरीत उभं राहून मोजून बघा, कुठला टॉवर कुठल्या महिन्यातलं ऊन खाणार ते आधीच कळतं.

दुपारचं सांगतो. २२ डिसेंबरला सूर्य डोक्यावर येतच नाही, जास्तीत जास्त ४७-४८ अंश चढतो, दक्षिणेला. त्यामुळे १०० मीटरच्या टॉवरची सावली भरदुपारी उत्तरेला साधारण ९० मीटर पडते, सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. आणि साधारण १५ मेला सूर्य बरोबर डोक्यावर, तो आपला शून्य सावली दिवस. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. उत्तरेच्या भिंतीवर ऊन बघायचं असेल तर जून महिना, पाऊस लांबला पाहिजे फक्त. जुलैअखेरचा दुसरा शून्य सावली दिवस मुंबईत ढगांमुळे बहुतेक हुकतोच.

भरदुपार म्हणजे बारा नव्हे बरं का. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, मुंबई ७३ च्या जरा अलीकडे, म्हणजे सूर्य आपल्याकडे सरासरी ३९ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पूर्वी मुंबईचा वेगळा "बॉम्बे टाइम" होता तो एवढ्याच मिनिटांनी मागे होता, १९५५ पर्यंत चालला. माझे आजोबा म्हणे कुठल्याही वेळेला "कुठला टाइम?" असं विचारायचे.

डेक्कनवाला

पुण्यातून लिहितोय. आमच्याकडे टॉवरपेक्षा मेट्रोने उजेड बदललाय. कर्वे रोडला वनाज ते गरवारे मार्ग मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, त्याआधीपासून खांब उभे होतेच. पूर्वी कर्वे रोड म्हणजे दुपारी झाडांची ठिपकेदार सावली आणि मधे रणरणतं ऊन, आता वायाडक्टची, म्हणजे मेट्रोच्या लांबलचक पुलाची, सावलीची एक सलग पट्टी आहे जी दिवसभर रस्त्याच्या एका बाजूच्या दुकानांवरून दुसऱ्या बाजूला सरकते. नळस्टॉपला तर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो, तिथे खाली उभं राहिलं की दुपारी तीनलाही संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. पानवाले, फळवाले कुठे उभे राहतात तेही त्या पट्टीप्रमाणे बदललंय, मे महिन्यात तर बघण्यासारखं असतं, सगळ्या हातगाड्या सावली धरून.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मधला काळ टिपा. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात पाडला. नवीन डबलडेकर पुलाचे खांब येईपर्यंत तो चौक मोकळा होता, इतकं आकाश मी तिथे आयुष्यात पाहिलं नव्हतं. लोक जुन्याचा फोटो काढतात, नव्याचा काढतात, ते मोकळं आकाश मात्र कोणाकडेच नाही. पाडकाम आणि बांधकामाच्या मधली जागा सगळ्यात कमी दिवस टिकते, आधी ती काढा.

चाळकरीण

डेक्कनवाला, अगदी. परळचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला, शंभरी ओलांडलेला पूल. बंद होण्याआधी पोरं सेल्फी काढायला येत होती, पण पुलाखालच्या सावलीत बसणाऱ्यांचं काय झालं तो फोटो मला कुठे दिसला नाही.

वास्तुवेडा, मुठीने मोजलं! डिसेंबरचा सूर्य खरंच त्या एकाच टॉवरमागे येतो. आता त्याच्या शेजारी दुसऱ्याचा पाया चाललाय, तो माझ्या हिशेबाने ऑक्टोबर आणि फेब्रुवारीचं ऊन खाणार.

एक प्रश्न, आमच्याकडे मिरच्यांचा विषय आहे. लालबागची मिरची गल्ली माहीत असेलच, मार्च ते मे सगळ्या मुंबईतून बायका मसाल्याला येतात, बेडगी, संकेश्वरी, पांडी घ्यायची, गरम मसाला घ्यायचा, डंखावर (कुटायच्या यंत्रावर) कुटून घ्यायचा. पण कुटायच्या आधी मिरची उन्हात कडकडीत वाळायला लागते, आमच्या चाळीच्या गच्चीवर चादरी टाकून वाळवतात, दोन-तीन दिवस. गच्चीच्या पश्चिमेला आता उंच इमारत झालीय आणि बायका म्हणतात की मिरची पूर्वीसारखी वाळत नाही, दुपारीच सावली येते. तुम्ही म्हणता मेमध्ये सूर्य डोक्यावर, मग सावली कशी?

वास्तुवेडा

ताई, डोक्यावर तो साडेबाराच्या सुमाराला. तिथून पुढे तो भराभर उतरतो. समजा इमारत १५० मीटर उंच आहे आणि गच्चीपासून ६० मीटरवर, बरोबर पश्चिमेला. मग सूर्य ६८ अंशांच्या खाली आला की सावली गच्चीवर. मेमध्ये ते होतं सव्वादोनच्या आसपास. म्हणजे दोन ते पाच हे जे तापलेल्या गच्चीवरचे तास, खरे वाळवणाचे, तेच गेले. बायका बरोबर बोलतायत. प्लीज गच्चीचा फोटो घ्या, चादरींसकट, दर अर्ध्या तासाने, एकाच कोपऱ्यातून. कुठल्याही रिपोर्टपेक्षा तो फोटो जास्त सांगेल.

रंकाळाकाठ

कोल्हापूरहून. ऊन आणि इमारती म्हटल्यावर आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवणारच की.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्षातून दोनदा मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यात देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. पण ही किरणं शहरातून येतात, महाद्वार रोडच्या बाजूने, आणि वाटेत इमारती, टाक्या, पत्रे, बोर्ड, वायरी असं काय काय येतं. काही वर्षं किरणं मधेच अडली, मूर्तीपर्यंत पोहोचलीच नाहीत, मग मोजमाप झालं, अडथळे काढायला लागले. हवेत धूळ, ढग असले तरी जमत नाही. म्हणजे आमच्याकडे अख्खं गाव दरवर्षी त्या तीन दिवशी एका उन्हाची वाट तपासत असतंय. गावात किती बांधकाम वाढलं हे किरण कुठपर्यंत चढलं त्यावरनं कळतंय.

मला तुमच्या गॅलरीचं वाचून हेच वाटलं की देवळात जे होतं ते प्रत्येक घरात होतंय, फक्त बघणारं कोणी नाही.

वास्तुवेडा

रंकाळाकाठ, फार सुंदर उदाहरण दिलंत, आणि याच्यात फोटो काढणाऱ्यांसाठी किल्ली आहे. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या तारखा २२ डिसेंबरपासून दोन्हीकडे जवळपास सारख्याच लांब आहेत, म्हणून सूर्याची आकाशातली वाट त्या दोन्ही दिवशी तीच. प्रत्येक तारखेला अशी जोडीची तारीख असते. म्हणजे बांधकाम चालू असेल तर वर्षभर थांबायची गरज नाही, नोव्हेंबरात घेतलेल्या फोटोची जोडी फेब्रुवारीत घ्या, ऊन तेच, त्यामुळे मधे जो फरक दिसेल तो इमारतीचाच.

फक्त घड्याळाला फसू नका. १० नोव्हेंबरला मुंबईत माध्यान्ह सुमारे १२:२२ ला आणि १ फेब्रुवारीला सुमारे १२:५२ ला, अर्ध्या तासाचा फरक. म्हणजे नोव्हेंबरात सकाळी ८ ला घेतलेल्या फोटोची जोडी फेब्रुवारीत साडेआठला.

नायगाव_बीडीडी

मी हा धागा वाचून थोडा वेगळा विचार मांडतो, राग मानू नका.

माझा जन्म नायगावच्या बीडीडी चाळीतला. १९२० च्या दशकात इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. तळमजला अधिक तीन, एका बिल्डिंगीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, मधून लांब कॉरिडॉर. आमच्या कॉरिडॉरमध्ये दिवसा बाराला लाइट लावायला लागायचा. उजेड फक्त दोन्ही टोकांना. पोरं अभ्यासाला टोकाला बसायची, जागा धरून ठेवायची. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या, त्यात माझी मावशी आहे. तिच्या नवीन घरात उजेड बघून ती रडली. तर जुनं ते सगळं उजेडाचं आणि टॉवर म्हणजे अंधार असं चित्र नका करू. कोणाचं ऊन गेलं आणि कोणाला पहिल्यांदा मिळालं, दोन्ही टिपा.

आणि खोलीच्या आतला उजेडही टिपा ना, सगळे बाहेरचंच काढतात. कॉरिडॉरच्या टोकाचा तो चौकोनी उजेड, त्यात वाळत घातलेले युनिफॉर्म, दारावरच्या आडनावांच्या पाट्या. आमची बिल्डिंग पडायच्या आधी मी भावाला सांगून कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांकडून फोटो काढून घेतले, माणसं असताना एकदा आणि खोल्या रिकाम्या झाल्यावर एकदा. रिकाम्या फोटोत उजेड जास्त आहे कारण सगळी दारं उघडी.

चाळकरीण

दादा, राग कसला, हे लिहायलाच पाहिजे होतं. माझीही आतली खोली अंधारीच आहे, गॅलरीच्या उन्हावर आमचं घर चालतं म्हणून मला ते एवढं लागतं. तुमच्या मावशीच्या घरातल्या सकाळच्या उन्हाचा फोटो त्यांना विचारून जरूर काढा आणि कुठला मजला, तोंड कुठे ते लिहून ठेवा. मी वर "नोंद ठेवायला पाहिजे" म्हटलं त्यात हे आलंच पाहिजे.

जुनेकागद

इतिहासाच्या बाजूने दोन गोष्टी.

जगातला सगळ्यात जुना, अजून शिल्लक असलेला कॅमेऱ्यातला फोटो म्हणजे फ्रान्समधल्या निएप्सने १८२६-२७ च्या सुमाराला स्वतःच्या घराच्या वरच्या खिडकीतून घेतलेला समोरच्या छपरांचा. त्याला एवढे तास लागले की सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन उमटलं. म्हणजे खिडकीतून दिसणारी आपली छपरं आणि सरकणारं ऊन, फोटोग्राफीची सुरुवातच तिथून आहे, चाळकरीण ताई योग्य परंपरेत आहेत.

मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी. पुढे १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली गेली. हे शहर पाडापाडी आणि कॅमेरा दोन्ही बरोबरच शिकलंय.

आता कामाचं. तुमच्याकडचे जुने घरगुती अल्बम काढा. गच्चीवरची मुंज, गॅलरीतलं बारसं, गोविंदा, चाळीची सत्यनारायणाची पूजा, फोटो माणसांचा असतो पण मागे गिरणीची चिमणी असते, समोरची चाळ असते, आणि जमिनीवर सावल्या असतात. तारीख लिहिलेली नसली तरी सावलीची दिशा आणि लांबी बघून वेळ आणि ऋतू बऱ्यापैकी काढता येतो, इमारत कुठल्या दिशेला आहे ते माहीत असलं की झालं. १९८२ च्या संपाच्या आधीचा एखादा फोटो चिमणीतून धूर निघताना सापडला तर त्याच जागेवरून आजचा काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने कोण-कोण आहे ते आताच लिहून घ्या, सांगणारी माणसं आहेत तोवर.

ट्रायपॉड

एक राहिलं, रात्र. आपण सगळे दिवसाचंच बोलतोय. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेव्हा डोंबिवलीतली आमची अख्खी गल्ली निळसर झाली, आणि माझ्याकडे पिवळ्या गल्लीचा जुना फोटो आहे तो केवळ गणपती आणताना कोणीतरी काढला म्हणून. मुंबईत मरीन ड्राइव्हला २०१५ मध्ये पांढरे दिवे लावले तेव्हा केवढा ओरडा झाला, पिवळ्या दिव्यांची ती रांग म्हणजे क्वीन्स नेकलेस होता म्हणून. गल्लीच्या दिव्यांसाठी कोण ओरडणार? अजून कुठे पिवळे शिल्लक असतील तर या आठवड्यात जाऊन काढा, एका रात्रीत बदलतात.

आणि लोकांच्या खिडक्या फ्रेममध्ये येत असतील तर झूम करू नका, आत दिसणार नाही इतपत ठेवा. बांधकामाच्या गेटसमोर मोबाईल वर केला की वॉचमन हटकतो, तिथे वाद घालू नका, आपल्या गच्चीवरून काढा, तसाही वरूनच चांगला दिसतो.

चाळकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. तर मग असं करूया का, १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी ह्या तारखा सगळ्यांनी धरायच्या. आपापल्या खिडकीतून, गॅलरीतून, गच्चीवरून, सकाळ, दुपार, संध्याकाळ. इथे टाकताना मजला, तोंड कुठल्या दिशेला आणि जवळचा नाका एवढंच लिहायचं, पत्ता नको. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून एक ओळ लिहायची की इथे पूर्वी ऊन कुठपर्यंत यायचं. मी आमच्या मजल्यावरच्या दोघी-तिघींना तयार केलंय, एकीची गॅलरी रस्त्याच्या बाजूला आहे, तिथे लालबागचा उड्डाणपूल २०११ मध्ये सुरू झाला तेव्हापासून खालच्या मजल्यांवरचा उजेड कसा बदलला हे तिला तोंडपाठ आहे.

मधलीआळी

उशिरा येतेय, ठाण्याहून. माझी खिडकी पश्चिमेला आहे आणि शेजारच्या रिडेव्हलपमेंटची हिरवी जाळी अगदी समोर. वर्ष-दीड वर्ष तरी निघणार नाही म्हणतात. संध्याकाळी खोली अख्खी हिरवी होते, पोळ्या पण हिरवट दिसतात. जाळी निघेपर्यंत थांबू की आताच सुरू करू?

ट्रायपॉड

आताच सुरू करा, थांबू नका. जाळीचा हिरवा उजेड हाच तर तो मधला काळ आहे, डेक्कनवाला म्हणतायत तो. फक्त व्हाइट बॅलन्स फिक्स करायला विसरू नका, ऑटोवर मोबाईल तो हिरवा काढून टाकेल आणि तुमची भिंत पांढरी दाखवेल. बाहेरचा एक फोटो जाळीसकट, आणि आतला एक, पोळपाटासकट.